‘एक नंबर बे!’ याच्या पुढे काय? घरी रेकॉर्ड केलेल्या गिटारच्या मिक्सवर कामाचं मत कसं मिळवावं

माझा पहिला गिटारचा तुकडा तयार झाला तेव्हा तो मी अकरा जणांना पाठवला. साडेतीन मिनिटांचा. शब्द नाहीत, गायक नाही, फक्त तीन गिटारी आणि खाली थोडा बेस. सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे यंत्रमागांच्या गल्लीत आमची वरची दहा बाय दहाची खोली आहे, तिथे दोन महिने रात्री बसून केलेला. अर्ध्या तासात उत्तरं आली. “एक नंबर बे!” “लई भारी.” तीन अंगठे, दोन ज्वाळा. मी खूश होऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. “ऐकलं रे तुझं. छान आहे. पण म्हणणारा कधी येतो? मी वाट बघत बसले आणि ते संपलंच की!”

सगळ्या उत्तरांत तेवढं एकच कामाचं होतं, आणि ते समजायला मला आठवडा लागला. मिक्स म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून केलेलं एक गाणं, हे मावशीला माहीत नाही. पण तिच्या कानाने बरोबर पकडलं होतं की धून वाजवणारी लीड गिटार गायकाच्या जागेवर उभीच राहिलेली नाही. ती साथीच्या दोन गिटारींत मिसळून गेली होती, म्हणून मावशीला शेवटपर्यंत ती गाण्याआधीची वाजवणूकच वाटत राहिली.

तेव्हापासून मी मत मागायची पद्धत बदलली. “कसं वाटलं?” असं विचारलं की समोरचा आपलं मन राखतो. “कुठे?” असं विचारलं की तो कान लावतो. हा लेख त्या ‘कुठे’ भोवतीच आहे. ज्यांनी नुकताच इंटरफेस (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) घेतलाय, रीपर किंवा ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर पहिले दोन-तीन तुकडे केलेत आणि आता ते कोणाला तरी ऐकवायचे आहेत, त्यांच्यासाठी.

पहिली पायरी: जे मिक्सचं नाही ते आधी काढा

लोकांकडे तुमच्यासाठी साडेतीन मिनिटं असतात. ती पंख्याच्या घरघरीवर खर्च होऊ देऊ नका. मिक्स कोणाला पाठवण्याआधी हेडफोन लावून प्रत्येक ट्रॅक एकटा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मे दोष इथेच सापडतात.

आमच्याकडचा पहिला दोष म्हणजे मागाची खटखट. ती हवेतून येतेच, शिवाय जमिनीतून चढून माइकच्या स्टँडमधूनही येते. स्टँडखाली चादरीची जाड घडी ठेवली की जमिनीतून येणारा भाग बराच कमी होतो. हवेतून येणाऱ्या भागावर मला एकच उपाय सापडला: माग थांबायची वाट बघणं.

दुसरा दोष हमचा, म्हणजे विजेच्या गुणगुणीचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनं), त्यामुळे हम ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर बसतो, म्हणजे नेमका गिटारच्या खालच्या तारांच्या शेजारी. तो नंतर ईक्यूने, म्हणजे ठरावीक पट्टीतले सूर कमी-जास्त करायच्या सोयीने, कापायला गेलात तर गिटारचा गाभाही जातो. इलेक्ट्रिक गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप पकडणारे, एकाच वेटोळ्याचे) असतील तर गिटार हातात धरून खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू फिरून बघा. एखाद्या दिशेला हम एकदम पडतो. तिथेच बसून वाजवा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. आणि घरात अर्थिंग नीट आहे का, हे इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या, कारण तो प्रश्न आवाजापुरता नाही, जिवाचाही आहे.

तिसरा दोष सुराचा. एप्रिल-मे महिन्यात वरच्या खोलीत टेकसाठी (एका दमात वाजवून करायच्या रेकॉर्डिंगसाठी) पंखा बंद केला की दहा मिनिटांत तारा तापतात, ढिल्या पडतात आणि सूर उतरतो. कूलर चालू असेल तर दमट हवेने लाकूड फुगतं ते वेगळंच. पंखा बंद करा, थोडं थांबा, मग ट्यून करा, आणि प्रत्येक टेकआधी पुन्हा ट्यूनर बघा. घामाचे हात कोरड्या फडक्याला पुसा, तारा गंजल्या की त्यांची झळाळी जाते आणि ती कुठल्याही बटणाने परत येत नाही.

खोलीत चादरी लावण्याबद्दल मला नेहमी विचारतात. सोलापुरात चादर घरोघरी आहे, आणि ती उपयोगी आहे, पण काय करते ते समजून घ्या. जाड सुती चादर दुहेरी घडी करून भिंतीपासून चार बोटं सोडून टांगली की टाळीचा खणखणीत प्रतिध्वनी मरतो, माइकवर गिटार स्वच्छ येते. भिंतीला चिकटवून लावली तर फायदा कमी. पण खालचा घुमारा तिला अडवता येत नाही. ११० हर्ट्झची लाट तीन मीटरहून लांब असते, तिच्यापुढे चादर म्हणजे वाऱ्यापुढे जाळी.

दुसरी पायरी: आधी स्वतःच्या कानाला फसण्याच्या जागा दाखवा

मिक्स संपवला त्याच रात्री पाठवू नका. दोन दिवस सोडा. आणि मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीजवळ उभे राहून आलात तर दुसऱ्या दिवशी मिक्सला हातही लावू नका. कान काही तास, कधी दिवसभर, बधिर असतात, वरचे सूर कमी ऐकू येतात, आणि आपण ते वाढवून ठेवतो. संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत मी एक मिक्स असाच केला होता. आठवड्याने ऐकला तर झांजा वाजल्यासारख्या तारा झणझणत होत्या.

आता खोलीची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगतो, कारण माझी सर्वात मोठी चूक यातून झाली, आणि दहा बाय दहाच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाची होऊ शकते.

माझ्या तुकड्यात ए ची तार मोकळी वाजली की खोलीत भोपळ्यात बोलल्यासारखं घुमायचं. मी त्या जागी ईक्यू लावून पाच डेसिबल कापले. खोलीत एकदम स्वच्छ. पण ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यातल्या तिघांनी एकच शब्द वापरला: “पातळ.” मला पटेना. मी तर कानाने ऐकून कापलं होतं.

मग हिशेब केला. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. दहा फूट म्हणजे तीन मीटरच्या आसपास. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी लाट नेमकी बसते ती साधारण ५६ हर्ट्झची, आणि तिची दुप्पट ११२. गिटारची मोकळी ए तार ११० हर्ट्झवर बोलते. म्हणजे माझी खोलीच ए ची तार वाजवत होती. त्यात ही ११२ ची लाट भिंतीजवळ आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वात जोरात असते, आणि माझी खुर्ची बरोबर मध्यावर. खोली चौकोनी, लांबी-रुंदी सारखी, त्यामुळे दोन्ही दिशांनी तोच घुमारा. गिटारी मी पिकअपवरून थेट इंटरफेसला जोडून वाजवल्या होत्या, रेकॉर्डिंगमध्ये तो घुमारा नव्हताच. मी खोलीचा दोष गाण्यातून कापला होता.

उपाय साधा निघाला. खुर्ची समोरच्या भिंतीपासून चार फुटांच्या जरा आत सरकवली, घुमारा कमी झाला. कापलेले पाच डेसिबल परत दिले. तुमच्या खोलीची लांबी मीटरमध्ये मोजा, ३४० ला तिच्या दुपटीने भागा, आणि ती संख्या व तिची दुप्पट कागदावर लिहून स्पीकरशेजारी चिकटवा. त्या सुरांबद्दल तुमच्या खोलीचं मत धरायचं नाही, बाहेरच्यांचं धरायचं.

म्हणून दुसऱ्याला पाठवण्याआधी मिक्स चार ठिकाणी ऐका. हेडफोनवर. फोनच्या स्पीकरवर, जिथे बेस जवळजवळ नसतोच, तर मग उरलेलं गाणं उभं राहतं का ते कळतं. एका छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर. आणि कारमध्ये. मित्राची गाडी घेऊन आम्ही विजापूर रोडला कंबर तलावाच्या बाजूला थांबवतो, काचा वर, इंजिन बंद. कारमधला आवाज आपण रोज ऐकतो, म्हणून कानाला तिथली सवय असते. शिवाय एकदा आवाज अगदी हळू ठेवून दुसऱ्या खोलीत जा. माणसाचा कान हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. त्या हळू आवाजातही धून कळत असेल तर लीड जागेवर आहे.

सॉफ्टवेअरमध्ये मोनोचं (डावा-उजवा आवाज एकत्र करणारं) बटण असतं, तेही एकदा दाबा. एकच साथीचा टेक कॉपी करून, थोडा मागे सरकवून, एक डावीकडे आणि एक उजवीकडे टाकला असेल तर मोनोमध्ये तो पोकळ होतो. कॉपी करू नका, साथ दोनदा वाजवा. हातातला बारीक फरकच ती रुंदी देतो.

तिसरी पायरी: फाइल

इथे फार वेळ घालवायचा नाही. मास्टर ट्रॅकवरचा, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आवाजावरचा, लिमिटर (मोठे आवाज दाबून धरणारं साधन) काढा. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. जाणकाराला २४ बिटची वेव्ह फाइल पाठवा, साडेतीन मिनिटांची साधारण ६० एमबी होते. बाकीच्यांना ३२० केबीपीएसची एमपी३, ती आठ-साडेआठ एमबीत बसते. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे फाइल आहे तशी पोचते. स्पीकरसमोर फोन धरून केलेली व्हॉइस नोट किंवा स्टेटसवरचा व्हिडिओ यावर मत मागू नका, ते मत मिक्सचं नसतं. फाइलच्या नावात तुकड्याचं नाव आणि तारीख. ‘फायनल’ हा शब्द नावात घालू नका. समोरचा तो वाचतो आणि आता बोलून काय उपयोग, असं समजून गप्प बसतो.

आणि एकच फाइल. “यातली कुठली बरी?” म्हणून तीन पाठवल्या की लोक पहिली पूर्ण ऐकतात, दुसरी निम्मी, तिसरी उघडतही नाहीत.

चौथी पायरी: कोणाचे कान?

चार-पाच जण पुरेत, पण ते एकाच पठडीतले नकोत.

फक्त गिटार वाजवणाऱ्यांना विचारू नका. ते बोटं ऐकतात. कुठला अँप, कुठला पेडल, बेंड सुरात लागला का, हे सगळं ते सांगतील, आणि तेही हवंच. पण तीन गिटारी एकमेकींना गिळतायत हे त्यांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांना प्रत्येक तार ओळखता येते. म्हणून एक गिटारवाला, एक दुसरं वाद्य वाजवणारा. माझ्यासाठी ते काम एक तबलावाले काका करतात. त्यांनी माझ्या एका तुकड्यात सांगितलं, “सम हलतेय तुझी. डाव्या बाजूची गिटार दर वेळी थोडी आधी येते.” मी आठ वेळा ऐकूनही मला ते दिसलं नव्हतं. सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांवर (ग्रिडवर) बघितलं तर खरंच, दर चौथ्या मात्रेला तो टेक पुढे पळत होता.

तिसरा साउंडवाला. हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम होतात, गणपतीत मंडप असतात, तिथे मिक्सर सांभाळणारी माणसं शहरात आहेत. रोज शेकडो माणसांसमोर आवाज लावणाऱ्याचा कान कुठे टोचतंय ते लगेच पकडतो. त्यांना हंगामात त्रास देऊ नका, मोकळ्या दिवसांत भेटा, फाइल पेनड्राइव्हवर न्या, आणि जमलं तर त्यांच्याच स्पीकरवर ऐकवा. मी असं केलं तेव्हा त्यांनी गाणं पूर्ण ऐकलंही नाही. वीस सेकंदांत फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली करून म्हणाले, “वरून झाकण लावल्यासारखं का आहे हे?” मी साथीवर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनातल्यासारखा पडसाद, इतका टाकला होता की सगळ्यावर धुकं पसरलं होतं.

चौथं माणूस ज्याला वाद्याशी काही देणंघेणं नाही असं. मावशी, शेजारी, दुकानातला मित्र. शब्द नसलेल्या तुकड्याचा आपल्या गावात एक मोठा फायदा आहे. आमच्या गल्लीत एका घरात तेलुगू, पुढच्या घरात कन्नड, कोपऱ्यावर उर्दू. गाणं ऐकवायचं तर भाषा आड येते, गिटारची धून सगळ्यांना सारखीच कळते. ऐकणारे शोधायला मला गल्लीच्या बाहेर जावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र मनाने सांभाळा. माझे मामा तीस वर्षं मागावर होते. त्यांना मी तुकडा ऐकवला तर म्हणाले, “छान आहे, पण दबलाय आवाज.” मी वरचे सूर वाढवले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाढवले तेव्हा माझ्याच कानाला टोचायला लागलं. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की ऐकू येणं प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास कमी होतं, आणि तारेवर पिक घासल्याची चमक नेमकी तिथेच असते. मामांना मी आजही प्रत्येक तुकडा ऐकवतो. धून लक्षात राहते का, कुठे लांबण लागते, हे ते अचूक सांगतात. चमक किती हवी ते मात्र दुसऱ्याला विचारतो. कोणाच्या कानाने काय झेललंय हे माहीत असलं की त्यांचं मत वाया जात नाही.

पाचवी पायरी: विचारायचं कसं

मेसेज छोटा, प्रश्न तीन. मी असा लिहितो:

“दादा, साडेतीन मिनिटांचा गिटारचा तुकडा पाठवतोय. गायक नाही, फक्त वाद्य. एकदा इयरफोन लावून सलग ऐका. मग तीनच गोष्टी सांगा. कुठल्या मिनिटाला लक्ष उडालं? कुठे काही टोचलं किंवा अडखळलं? आणि कुठला भाग बदलू नको? मिनिट-सेकंद लिहिलेत तरी पुरे. रविवारपर्यंत चालेल.”

‘फक्त वाद्य’ हे आधीच सांगायचं, नाहीतर मावशीसारखी वाट बघणारे निघतात. तिसरा प्रश्न मी मागाहून घातला. आधी मी दोषच विचारायचो आणि दुरुस्त करता करता लोकांना आवडलेली जागाही पुसून टाकायचो.

मेसेजमध्ये सबबी नकोत. “माइक साधाच आहे”, “मधला भाग घाईत केलाय” असं लिहिलं की ऐकणारा तोच मधला भाग शोधत बसतो आणि बाकीचं कानावरून जातं. तुम्ही बोट दाखवलं तिकडेच तो बघणार.

शक्य असेल तर समोर बसवून ऐकवा. चहा आधी पिऊन घ्या, कपबशीचा आवाज नको. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नका, तो लगेच मान डोलवायला लागतो. त्याच्या मागे किंवा बाजूला बसा आणि त्याचे हात बघा. आवाज कमी करायला हात कुठे गेला? फोन कुठे उचलला? पाय ठेका धरत होता तो कुठे थांबला? मी वहीत ते सेकंद लिहून ठेवतो. तोंडाने सांगितलेल्यापेक्षा ही यादी बहुतेक वेळा जास्त खरी निघते.

आणि संपल्यावर सगळ्यात उपयोगी प्रश्न: “धून गुणगुणून दाखवाल?” सूर लागला नाही तरी चालेल. गायक नसलेल्या तुकड्याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. त्यांनी लीडची ओळ गुणगुणली तर मिक्स बरोबर आहे. साथीचा ठेका गुणगुणला तर लीड दबलीय. काहीच गुणगुणता आलं नाही तर दोष मिक्सचा नाही, धूनच अजून तयार नाही, आणि तो फेडरने सुटणार नाही.

सहावी पायरी: घरगुती शब्दांचा अर्थ लावणं

ऐकणारा हर्ट्झमध्ये बोलत नाही, आणि त्याने बोलूही नये. त्याचे शब्द तुम्ही समजून घ्यायचे. माझ्या वहीत जमलेले काही:

“घुमतंय” म्हणजे बहुतेक १०० ते २५० हर्ट्झमध्ये गर्दी झालीय. गिटारच्या सर्वात खालच्या ई तारेचा सूर ८२ हर्ट्झचा असतो, त्यामुळे लीडच्या ट्रॅकवर १०० च्या खाली फारसं काही नसतंच. तिथून खालचं कापून टाकलं तर बेसला जागा होते. साथीवरही ८० च्या खालचं काढा.

“डब्यातून आल्यासारखं” म्हणजे ४०० ते ६०० च्या आसपास. माइक गिटारच्या भोकासमोर ठेवला की घुमारा आणि हे दोन्ही येतं. माइक बाराव्या पडद्याकडे, वीत-दीड वीत अंतरावर वळवून पुन्हा रेकॉर्ड करा, ईक्यूपेक्षा तो इलाज बरा.

“टोचतंय”, “कानात जातंय” हे २,००० ते ४,००० हर्ट्झचं. दोन-तीन डेसिबल कमी करून बघा. एखाद्याच सुरावर टोचत असेल तर पूर्ण ट्रॅक कापू नका, त्या सुरापुरता आवाज हाताने खाली आणा.

“पातळ” म्हणजे एक तर खालचं जास्त कापलंय, माझ्यासारखं, नाहीतर दोन ट्रॅक एकमेकांना खोडतायत. मोनो करून बघितलं की दुसरं लगेच कळतं.

“लांबून वाजतंय” हे रिव्हर्बचं. लीडवरचा रिव्हर्ब निम्मा करा, आणि मूळ सुरानंतर तो किंचित उशिरा सुरू होईल असा लावा, ३०-४० मिलिसेकंद. सूर पुढे राहतो, खोली मागे जाते.

“गिचमिड झालंय” हा शब्द आला की ईक्यू बंद करून आधी वाजवणूक बघा. तिन्ही गिटारी एकाच सप्तकात, एकाच कॉर्डच्या त्याच आकारात असतील तर कुठलंही बटण त्यांना वेगळं करणार नाही. एका साथीला कॅपो (गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वरच्या जागेवर तोच कॉर्ड वाजवा, दुसरी खालीच ठेवा. किंवा लीड चालू असताना एक साथ गप्पच करा. मी मावशीचा तुकडा असाच सोडवला: दोन्ही साथी डाव्या-उजव्या टोकाला, लीड मध्ये, साथींवर २,००० हर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल कमी, लीड दीड डेसिबल वर, आणि दुसऱ्या अंतऱ्यात डावी साथ पूर्ण काढून टाकली. शेवटचं काम बाकी सगळ्यांहून जास्त उपयोगी पडलं.

“कंटाळा आला” याचा अर्थही वाजवणुकीतच शोधा. गायक असता तर दुसऱ्या कडव्यात शब्द बदलले असते. गिटारला शब्द नाहीत, तिला सप्तक बदलावं लागतं, थांबावं लागतं, कधी एकटं राहावं लागतं.

सातवी पायरी: काय घ्यायचं, काय सोडायचं

सगळी उत्तरं आली की एका कागदावर वेळेच्या क्रमाने मांडा. कोणी म्हटलं ते बाजूला, कुठे म्हटलं ते आधी. एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी एकच जागा दाखवली असेल तर तिथे दोष आहे हे मान्य करा, तुम्हाला ऐकू येत नसला तरी.

पण इलाज त्यांचाच घ्यायचा असं नाही. माझ्या दुसऱ्या तुकड्यात १ मिनिट १२ सेकंदांवर एकाने लिहिलं, “इथे रिव्हर्ब वाढव.” दुसऱ्याने लिहिलं, “इथे रिव्हर्ब जास्त झालाय.” तिसऱ्याने, “इथे काहीतरी रिकामं वाटतं.” मी दिवसभर गोंधळात. मग तेवढाच भाग लूप करून ऐकला तेव्हा कळलं की तिथे लीड वरच्या सप्तकात जाते आणि त्याच क्षणी बेसचा एक सूर संपतो. खालचा आधार निघून जातो. तिघांनी जागा बरोबर दाखवली होती, औषधं तिघांची वेगळी, आणि एकही लागू नव्हतं. बेसचा सूर दोन मात्रा लांबवला, रिव्हर्बला हात लावला नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलाआधी प्रोजेक्ट नव्या तारखेने सेव्ह करा. मत देणाऱ्याशी वाद घालू नका, बाजूही मांडू नका. फार तर एक प्रश्न विचारा: “हे दोन्ही कानांत वाटलं की एकाच बाजूला?” एवढं कळलं तरी कुठला ट्रॅक बघायचा ते ठरतं.

एकट्याच माणसाने सांगितलेली गोष्ट कागदावर राहू द्या, पुढच्या फेरीत पुन्हा आली तर बघा. अपवाद सुराचा आणि तालाचा. “बेसूर आहे” किंवा “ताल हलतोय” असं एकानेही म्हटलं तर लगेच तपासा, कारण तिथे आवडनिवड नसते.

आवडत्या गाण्याशी तुलना जरूर करा, पण आवाज सारखा करून. बाजारात आलेलं गाणं तुमच्या मिक्सपेक्षा बरंच मोठं असतं, आणि मोठं ते कानाला चांगलंच वाटतं. ते तुमच्या प्रोजेक्टमध्ये आणा आणि दोन्ही सारखे ऐकू येईपर्यंत त्याचा फेडर खाली घ्या, साधारण सहा ते दहा डेसिबल लागतात. अशी तुलना करताना मला नेहमी एकच फरक दिसतो: त्यांच्या साथीच्या गिटारी मला वाटल्या होत्या त्याहून खूपच बारीक असतात.

आठवी पायरी: परत त्याच दारात

दुरुस्ती झाली की नव्या माणसाकडे जाण्याआधी ज्याने दोष दाखवला त्याच्याकडे जा. जुना आणि नवा, दोन्हींतला तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून घ्या. दोन्हींचा आवाज नीट सारखा करा, कारण एका डेसिबलचा फरकही निकाल फिरवतो. फाइलींना ‘अ’ आणि ‘ब’ नाव द्या आणि नवा कुठला ते सांगू नका. कधी क्रम उलटा ठेवा. दोनदा ऐकवा. त्याने दोन्ही वेळा नवाच निवडला तर बदल ठेवा. फरक कळत नाही म्हणाला तर जुना परत आणा, कारण विनाकारण केलेला प्रत्येक बदल पुढच्या बदलाच्या आड येतो.

दोन फेऱ्या पुरेत, फार तर तीन. त्यापुढे ऐकणाऱ्यांना तुकडा पाठ होतो आणि त्यांचा ताजा कान संपतो. त्यानंतरही एखादी जागा अडलीच तर पैसे देऊन एखाद्या मिक्सिंग इंजिनिअरचा तासभर घ्या, आणि त्यांच्याकडे जाताना पूर्ण मिक्सबरोबर सगळे ट्रॅक वेगवेगळे, एकाच क्षणापासून सुरू होणारे, घेऊन जा. तुमचा वेळांचा कागदही.

मावशीकडे मी तीन आठवड्यांनी गेलो. ती स्वयंपाकघरात होती, फोन ओट्यावर ठेवला आणि तुकडा लावला. कुठला बदल केलाय ते सांगितलं नाही. भाकरी थापता थापता तिने ऐकलं, मध्ये एकदा तवा उतरवला. संपल्यावर काहीच बोलली नाही. मी वही उघडून बसलो होतो. दोन मिनिटांनी पीठ मळता मळता ती गुणगुणायला लागली, आणि ती लीडची ओळ होती.